खुनी कोण ते कळल्यावर पुस्तकात काय उरतं?

कोरडवाहू

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जवळजवळ दोन महिने मी रात्री तिच्या खोलीत झोपत होते. झोप कसली, दर दोन-अडीच तासांनी तिला उठायला हात द्यावा लागायचा. मधल्या वेळात डोळा लागू नये म्हणून रहस्यकादंबऱ्या उशाशी ठेवल्या. त्यांतल्या दोन ज्या रात्री संपल्या त्याच रात्री पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केल्या, आणि तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात बसलाय. कोणी मारलं, कसं मारलं, का मारलं, सगळं ठाऊक असताना एखादं पुस्तक दुसऱ्यांदा ओढून नेतं, ते कशामुळे?

(मी कुठल्याच पुस्तकाचा शेवट सांगत नाहीये. प्रतिसादांतही कृपया सांभाळा. सांगायचाच असेल तर आधी 'रहस्यभेद' असं लिहा.)

पहिलं केइगो हिगाशिनो यांचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. जपानीत २००५ साली पुस्तकरूपात आलं आणि त्याला तिथला मानाचा नाओकी पुरस्कार मिळाला. आपल्याकडे अनेकांना ते २०२३ च्या 'जाने जां' या हिंदी चित्रपटामुळे माहीत झालं. चित्रपट पाहिला असला तरी पुस्तक वाचा. खून कोणी केला हे इथे लपवलेलंच नाही. यासुको ही जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करणारी बाई, मिसातो तिची शाळकरी मुलगी. जुना नवरा पैसे उकळायला दारात येतो आणि झटापटीत मायलेकींच्या हातून मारला जातो. भिंतीपलीकडे राहणारा इशिगामी शाळेत गणित शिकवतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तो दार वाजवतो आणि पुढचं सगळं आपल्या अंगावर घेतो. एवढं सगळं सुरुवातीलाच होऊन जातं. नंतर येतो युकावा, भौतिकशास्त्राचा प्राध्यापक आणि इशिगामीचा कॉलेजमधला जुना सोबती. कोणाला सुटणार नाही असं कोडं रचणं अवघड की ते सोडवणं अवघड, असं तो इशिगामीला विचारतो, आणि सगळी कादंबरी त्या एका प्रश्नावर उभी आहे.

हिगाशिनो विद्युत अभियांत्रिकी शिकलेले, लेखक होण्याआधी कंपनीत नोकरी केलेले. पुस्तकात एकही भाग उगाच बसवलेला नाही. पहिल्या प्रकरणात इशिगामी सकाळी शाळेला निघतो, सुमिदा नदीच्या काठाने चालत जातो. तिथे ताडपत्रीच्या आडोशात बेघर माणसं राहतात, त्यांतला एक पत्र्याचे डबे चेपत बसलेला असतो. पहिल्या वेळी मला वाटलं, टोकियोचं वातावरण उभं केलंय, छान. दुसऱ्या वेळी तीच पानं वाचताना अंगावर काटा आला. याहून जास्त सांगत नाही.

त्यांचंच 'मॅलिस' मला काकणभर जास्त आवडलं. एक नावाजलेला कादंबरीकार देश सोडून व्हँकूव्हरला जायच्या आदल्या दिवशी घरात मारला जातो. तपास कागा नावाच्या पोलिसाकडे. मारणारा कोण हे लवकरच समजतं, पुढची सगळी धडपड 'का' यासाठी. प्रकरणं आळीपाळीने येतात, काही मयताच्या मित्राने, नोनोगुचीने लिहिलेली, काही कागाची. आणि 'लिहिलेली' हा शब्द इथे फार महत्त्वाचा. गेल्या काही वर्षांत नवरा-बायको, शेजारीपाजारी, हरवलेली मुलगी अशा विषयांवरच्या कादंबऱ्यांचा पूर आलाय. त्यांतल्या बऱ्याच प्रथमपुरुषी असतात. आपण अडीचशे पानं तिच्या डोक्यात राहतो, ती चहात साखर किती घालते हेही आपल्याला कळतं, आणि शेवटच्या वीस पानांत समजतं की तिनेच मारलं होतं, फक्त तो विचार एवढे दिवस तिच्या मनात आलाच नव्हता. ही मला फसवणूक वाटते. जो माणूस मनातल्या मनात बोलतो तो एवढी मोठी गोष्ट विसरू शकत नाही. 'मॅलिस'मध्ये निवेदन म्हणजे कोणीतरी कोणासाठी तरी लिहिलेला कागद आहे, आणि कागदावर माणूस काय ठेवायचं, काय गाळायचं ते ठरवू शकतो. लपवाछपवीला तिथे कारण आहे. म्हणूनच ते पुन्हा वाचताना प्रत्येक वाक्यापाशी थांबून 'हे इथे का लिहिलं असेल' असं विचारावंसं वाटतं.

आता जेन हार्पर यांचं 'द ड्राय'. याबद्दल मला शांतपणे लिहिता येणार नाही.

किएवारा हे ऑस्ट्रेलियातलं काल्पनिक गाव. दोन वर्षं पाऊस नाही. ल्यूक हॅडलर या शेतकऱ्याने बायकोला आणि शाळकरी मुलाला गोळ्या घालून स्वतःला संपवलं, असं सगळे धरून चाललेत. घरात तेरा महिन्यांची मुलगी तेवढी जिवंत सापडते. ल्यूकचा बालमित्र फॉक अंत्यविधीला येतो. तो मेलबर्नला पोलिसात आहे, पण आर्थिक गुन्ह्यांकडे, खुनांकडे नाही. पुस्तक २०१६ चं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी येत होतं. टँकर गल्लीत शिरला की बायका हातातलं काम टाकून धावत. मीही घागरी घेऊन उभी राहिलेली आहे.

या पुस्तकातल्या तपासाची सगळी मेख अशी की दुष्काळ हे कारण तयारच आहे. शेती बुडाली, कर्ज झालं, डोकं फिरलं, झालं. कोणी पुढे विचारतच नाही. आमच्या भागात शेतकरी गेला की बातमी चार ओळींची येते, त्यात 'कर्जबाजारीपणाला कंटाळून' हे शब्द असतात आणि तिथेच ती संपते. खरं कारण बहुतेक वेळा तेच असतं, हे मला माहीत आहे. तरी त्या माणसाचं घर, त्याचं कोणाशी काय झालं होतं, तो आदल्या दिवशी कोणाकडे गेला होता, हे कोणी विचारलेलं मी पाहिलेलं नाही. हार्पर कित्येक वर्षं वर्तमानपत्रात बातमीदार होत्या, आणि त्या चार ओळींमागे काय राहून जातं ते त्यांना कळतं असं पानोपानी वाटलं. फॉक लहानपणी ज्या नदीत डुंबला ती बघायला जातो आणि नदीच उरलेली नसते. दोन्ही वेळा त्या जागी मी पुस्तक खाली ठेवलं. खुनी कोण हे या पुस्तकात तसं साधं आहे, कदाचित ते त्याचं उणंही असेल. पुन्हा वाचलं ते गावासाठी.

शेवटचं, ज्यात खून दाखवलेलाच नाही ते. विवेक शानभाग यांचं 'घाचर घोचर', मूळ कन्नड, मी श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादात वाचलं. जेमतेम सव्वाशे पानं. बंगळुरूतलं एक कुटुंब, काकाच्या मसाल्याच्या धंद्यामुळे अचानक पैशात येतं. त्याआधीच्या लहानशा घरात मुंग्यांशी चाललेली त्यांची लढाई आहे, घरातली सगळी माणसं एकजुटीने मुंग्या मारतात. तेव्हा ते गमतीचं वाटतं. शेवटचं पान मिटल्यावर त्या मुंग्या आठवतात. 'घाचर घोचर' या शब्दांना काही अर्थ नाही, निवेदकाच्या बायकोच्या माहेरी लहानपणी बनवलेला शब्द आहे तो, गुंता या अर्थाचा. मला याहून जास्त धास्ती कुठल्याच पुस्तकाने या दोन महिन्यांत घातली नाही.

तुम्ही अलीकडे काय वाचलंत? आणि कोणतं दुसऱ्यांदा वाचवलं?

कर्जतलोकल

सविस्तर लिहिलंत, वाचून 'मॅलिस' मागवलं. पण तुमच्या कसोटीशी मी सहमत नाही.

रोज जाऊन-येऊन चार तास गाडीत जातात. बसायला मिळालं तर वाचतो, नाही मिळालं तर एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने मोबाईलवर वाचतो. माझ्यासाठी थ्रिलरने एकच काम करायचं: बदलापूर ते भायखळा मला त्या डब्यातून बाहेर काढायचं. ते जमलं की त्याचं काम झालं. दुसऱ्यांदा वाचलं नाही म्हणून ते खालच्या दर्जाचं ठरवणं म्हणजे वडापाव दुसऱ्या दिवशी खाता येत नाही म्हणून त्याला नावं ठेवण्यासारखं आहे.

माझे आजोबा गिरणीत होते. बाबूराव अर्णाळकरांची झुंजार आणि काळापहाडची पुस्तकं चाळीत हातोहात फिरत, एका पुस्तकाला दहा वाचक. ती पुस्तकं कोणी पुन्हा वाचत नसे, कारण पुढचं आलेलं असायचं. हजाराच्या वर पुस्तकं लिहिली त्यांनी. शाळा चौथीत सुटलेल्या माणसांना त्यांनी वाचायची सवय लावली. हे काम लहान नाही.

लिफीकाठ

मी डब्लिनमध्ये राहते, त्यामुळे टाना फ्रेंचबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

'इन द वूड्स' २००७ चं. १९८४ च्या उन्हाळ्यात तीन मुलं रानात खेळायला जातात, एकच सापडतो, बुटांत रक्त, आठवत काही नाही. वीस वर्षांनी तोच मुलगा नाव बदलून पोलिसात आहे आणि त्याच रानाशेजारी एका बारा वर्षांच्या मुलीचं प्रेत सापडतं. जागा पुरातत्त्व उत्खननाची, आणि तिथून महामार्ग जाणार आहे. इथल्या माणसांना हे कुठून आलं ते लगेच कळतं. एम-५० रस्त्यासाठी कॅरिकमाइन्सच्या जुन्या किल्ल्याच्या अवशेषांवरून कोर्टकज्जे झाले, ताराच्या टेकडीजवळून गेलेल्या एम-३ वरून तर कित्येक वर्षं आंदोलन चाललं. २०१० मध्ये तो रस्ता सुरू झाला, मी त्यावरून जाते.

रहस्यभेद: दोन गुन्ह्यांपैकी एकाचा उलगडा होतो, एकाचा होत नाही. यावरून वाचकांनी लेखिकेला फार बोल लावले. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडले होते. आता वाटतं, ज्या मुलाला स्वतःलाच आठवत नाही त्याच्या तोंडून आपल्याला उत्तर मिळालं असतं तर ते खोटं झालं असतं. कोरडवाहू, तुमच्या कसोटीला हे पुस्तक वेगळ्या बाजूने उतरतं. खुनी कोण ते कळतच नाही, म्हणून पुन्हा जावंसं वाटतं. (रहस्यभेद संपला)

पण मला जास्त जवळचं आहे तिचंच 'ब्रोकन हार्बर' (२०१२). २००८ नंतर इथे घरांचा बाजार कोसळला, गावाबाहेर शेकडो घरांच्या योजना अर्ध्यावर पडल्या. रस्त्यांना नावं, पण दिवे नाहीत. कर्ज काढून घेतलेलं घर विकता येत नाही, आजूबाजूची घरं रिकामी. अशा वसाहतीत एक तरुण कुटुंब, घरभर भिंतींना भोकं पाडलेली, आणि ठिकठिकाणी बाळावर लक्ष ठेवायची यंत्रं. हे सगळं का, ते कळत जातं तसतसं वाईट वाटत जातं. आमच्या पुण्याच्या नातेवाइकांचा एका अर्धवट इमारतीत आठ वर्षं पैसा अडकला होता. दर महिन्याला भाडंही आणि हप्ताही. त्या काळात काकांचा स्वभाव कसा बदलत गेला ते मी बघितलंय. म्हणून त्या भिंतींमधली भोकं मला वेडेपणाची वाटली नाहीत.

रात्रपाळी

मी वेगळंच बोलणार. 'सस्पेक्ट एक्स' मी वाचलं, नाही आवडलं. शेवटचा धक्का मोठा आहे, मान्य. पण यासुको फारच पुसट आहे. तिला काय वाटतं ते लेखकाने विचारलेलंच नाही. इशिगामी तिच्यासाठी एवढं करतो, तिने मागितलं होतं का? ज्याला सगळे भक्ती म्हणतात त्यात मला थोडी जबरदस्ती दिसली. एका माणसाच्या तावडीतून सुटलेली बाई दुसऱ्याच्या उपकारात अडकते.

कोरडवाहू

रात्रपाळी, तुमचा मुद्दा मला दोन दिवस सोडत नाहीये. बरोबर आहे. यासुकोची बाजू पुस्तकात पातळ आहे. मला वाटतं शेवटच्या प्रकरणात ती पहिल्यांदा स्वतःच्या मनाने काहीतरी ठरवते, पण तोवर फार उशीर झालेला असतो आणि आपलं लक्ष तेव्हा दुसरीकडे असतं. एक विनंती करू का? पुस्तक हाताशी असेल तर फक्त पहिलं प्रकरण पुन्हा वाचा, नदीकाठचं चालणं संपेपर्यंत. तुमचं मत बदलावं म्हणून म्हणत नाही. तुम्ही जबरदस्ती म्हणालात, ती कुठवर जाते ते तिथे आधीच लिहिलेलं आहे, असं मला आता वाटतंय.

कर्जतलोकल, तुमच्या आजोबांबद्दल वाचून माझं म्हणणं थोडं मागे घेते. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात सुहास शिरवळकरांची दारा बुलंद आणि फिरोज इराणीची पुस्तकं इतकी झिजलेली असत की शेवटची पानं गायब. मी कित्येक पुस्तकांचे शेवट मैत्रिणींना विचारून घेतलेत. ती पुस्तकं एकदाच वाचायची होती आणि त्यांनीच मला वाचक केलं. माझी तक्रार एकदाच वाचायच्या पुस्तकाबद्दल नाही, खोटं बोलून धक्का देणाऱ्याबद्दल आहे. अर्णाळकर, शिरवळकर वाचकाशी खोटं बोलत नव्हते.

लिफीकाठ, 'ब्रोकन हार्बर' यादीत टाकलं.

डोंगरवाडी

इथे सगळी नावं बाहेरची आली म्हणून एक आपल्याकडचं. कृष्णात खोत यांचं 'रिंगाण'. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला त्याला. थ्रिलरच्या धाग्यावर हे कसं, असं वाटेल. गाव धरणात गेलंय, माणसं उठवून दुसरीकडे बसवलीत. मागे राहिलेली म्हैस आणायला देवाप्पा पुन्हा त्या रानात जातो. म्हैस आता दावणीची राहिलेली नाही, ती रानाची झालीये. बस, एवढंच. माणूस आणि जनावर एकमेकांसमोर. मी रात्री अकराला घेतलं आणि संपवूनच उठलो. म्हैस पुढच्या क्षणी काय करील या भीतीने मी जेवढा ताणलो तेवढा कुठल्या खुन्याच्या मागे धावताना ताणलो नाही.

आम्ही स्वतः धरणग्रस्त. वडील अजूनही उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या गावाकडे जाऊन बसतात. देवळाचा चौथरा उघडा पडतो, तिथे. ते काय बघतात ते मला कधी कळलं नव्हतं. भाषा आमच्याकडचीच, पन्हाळ्याकडची. पुण्या-मुंबईच्या वाचकाला पहिली वीस पानं जड जातील, पण रेटा. कोरडवाहू ताई, तुम्हाला नदी नाहीशी झालेली सोसली नाही ना, इथे नदी गावावर येऊन बसलीये.

फोर्टकर

मुंबईवरच्या दोन इंग्रजी कादंबऱ्या थोडक्यात. सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल', काळ १९२१, वडिलांच्या वकिली कचेरीत काम करणारी पर्वीन मिस्त्री, आणि पडद्यात राहणाऱ्या तीन विधवांची इस्टेट. पुरुष वकील ज्या खोलीत पाऊल टाकू शकत नाही तिथे पर्वीन जाऊ शकते, आणि तपास त्यावरच चालतो. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांच्या कामावरून लेखिकेला ही कल्पना सुचली. पडद्यातल्या स्त्रियांचे कायद्याचे प्रश्न सोराबजींनी खरोखरच हाताळले होते.

दुसरी नेव्ह मार्च यांची 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे'. १८९१ च्या एप्रिलमध्ये राजाबाई टॉवरवरून पडून दोन तरुण पारशी स्त्रिया गेल्या, त्या खऱ्या घटनेवर बेतलेली. सुरुवात उत्तम, पण नंतर नायकाला सरहद्दीपर्यंत हिंडवलंय आणि टॉवर मागे पडतो. रोज त्या टॉवरखालून जाणाऱ्या माझ्यासारख्याला ते खटकलं. मॅसी पुन्हा वाचेन, ही नाही.

कोरडवाहू

डोंगरवाडी, 'रिंगाण' काल आणलं. तिसाव्या पानावर आहे. सावकाश वाचतेय, काही शब्द आईला विचारतेय, तिला निम्मे येतात. आता ती मला म्हणते, मोठ्याने वाच. त्यामुळे रात्रीचं वाचन संध्याकाळी आलंय. ती आता काठी घेऊन एकटी अंगणापर्यंत जाते. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

रात्रपाळी

ताई, पहिलं प्रकरण वाचलं. पहाटे चारला कामावर थोडी उसंत होती तेव्हा. नदीकाठावर कोण कोण बसलंय ते या वेळी एकेक करून बघितलं, आणि इशिगामी कोणाकडे किती वेळ बघतो तेही. मग पुस्तक मिटून ठेवलं. यासुकोबद्दलचं माझं म्हणणं अजून तेच आहे, उलट जास्त पक्कं झालंय. पण पुस्तकाला हे माहीत नव्हतं असं आता म्हणणार नाही.

घरी येऊन बायकोला वाचायला दिलंय. तिला काही सांगितलेलं नाही.